सात कॉम्प्युटरवर ऑफिस टाकताना : ३ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथे मी चौदा वर्षं अकाउंट्स बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर २००९ साली केलेलं एमएस-सीआयटी, आणि पुढे रोजच्या कामातून हाताला लागलं ते. गेल्या नोव्हेंबरात आमच्या कॉम्प्युटरवर नवं मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) टाकायचं काम माझ्याकडे आलं. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर एकेक एरर शोधत बसायचे, तेव्हा आपल्यासारख्या छोट्या ऑफिसात बसून हे केलेल्या माणसाचं मराठीत सलग लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून वहीतल्या तारखांवरून हे लिहून ठेवते आहे.

सुरुवात ३ नोव्हेंबरला, सोमवारी झाली. दिवाळीनंतरची पहिली मोठी ऑर्डर होती. पार्टीनं पॅकिंग लिस्टची एक्सेल फाईल पाठवली, डिस्पॅचच्या अण्णांनी ती उघडली, एक आकडा बदलला आणि कार्टनचा सगळा रकाना ‘नेम’ नावाच्या एररनं भरून गेला. सूत्रात ‘एक्सलूकअप’ होतं, म्हणजे दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं. हे सूत्र ऑफिस २०२१ पासून पुढच्या आवृत्त्यांत चालतं, २०१६ आणि २०१९ मध्येसुद्धा नाही. अण्णांकडे तर २०१० होतं. त्या दिवशी दोनशे बारा ओळी मी कॅल्क्युलेटरवर केल्या आणि अण्णांनी टाईप केल्या. ट्रक रात्री पावणेदहाला निघाला.

मालकांना मी तेव्हाच सांगितलं की हे आता ढकलत नेण्यासारखं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. आमच्याकडे २०१० आणि २०१६ अशी सरमिसळ होती. त्यातली काही परवान्याची, काही पूर्वी कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलानं ‘चालू करून दिलेली’. तो मुलगा वर्षापूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला. सोलापुरातली निम्मी पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं जातात तसाच. मनानं चांगला होता, अडीअडचणीला रात्री यायचा. पण कुठल्या मशीनवर काय टाकलंय याची नोंद त्याच्या डोक्यातच राहिली.

मालक म्हणाले, “मॅडम, तुम्हीच बघा. बाहेरचा माणूस येईल, टाकून जाईल, नि परत आपल्याला काही कळणार नाही.” मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत पोटात गोळा होता.

त्या आठवड्यात मी दोन कामं केली. पहिलं म्हणजे कोटेशन. नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत तीन दुकानांत गेले. एकानं व्हॉट्सॲपवरच ‘लाईफटाईम की’ (ऑफिस चालू करायचा परवान्याचा क्रमांक) देतो म्हणून सांगितलं, किंमत ऐकून कुणालाही मोह पडावा अशी. मी एवढंच विचारलं की जीएसटीचं पक्कं बिल आणि परवान्याचा कागद आमच्या फर्मच्या नावानं मिळेल का. तो विषय तिथेच संपला. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, पुष्कळ वेळ वाचतो.

दुसरं काम वहीचं. दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक कॉम्प्युटरला चार पानं दिली. विंडोज कुठलं, ३२ बिट की ६४ (एकाच प्रोग्रॅमचे हे दोन प्रकार असतात), रॅम किती, सी ड्राइव्हवर जागा किती, आत्ता कुठलं ऑफिस आहे आणि तेही ३२ की ६४, कुठले प्रिंटर, कुठले मराठी फाँट, एक्सेलला जोडलेली जादाची प्रोग्रॅम कुठली. नऊ मशीनला अडीच दिवस गेले. अकाउंट्समधल्या धाकट्या मुलीनं विचारलं, “ताई, डायरेक्ट टाकून बघू की, लिहायचं कशाला?” तिचंही चूक नव्हतं, मलाही मध्येच कंटाळा आला होता. पुढे तीन वेळा तरी या पानांनी मला वाचवलं.

वहीवरून चित्र असं निघालं : अकाउंट्सची दोन, डिस्पॅचचं एक, मालकांच्या केबिनमधलं दिवाळीत घेतलेलं विंडोज ११ प्रो, स्टोअरचं, मागावरच्या शेडमधलं, डिझाईनचं, गेटवरचं, आणि मागच्या खोलीतलं एक, ज्याला आम्ही सगळे ‘सर्व्हर’ म्हणतो. ते खरं तर साधंच मशीन आहे, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरसाठी ठेवलेलं. त्यावर ऑफिसची गरज नव्हती. गेटवरच्या मशीनवर फक्त आवक-जावक आणि पत्रं. म्हणजे परवाने सात.

ऑफिस एलटीएससी स्टँडर्ड २०२४ ही कंपन्यांसाठीची आवृत्ती ठरली. एकदा पैसे भरायचे, दरमहा वर्गणी नाही आणि सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत. विंडोज १० वरही ते चालतं, हे मी दोनदा तपासून घेतलं, कारण आमची पाच मशीन विंडोज ११ ला पात्र नाहीत. त्यांचं काय करायचं हा वेगळा खर्च आहे आणि तो मालकांनी मार्चनंतर धरलाय. परवान्याची रक्कम मालकांची बाब म्हणून इथे लिहीत नाही. बाकीचा किरकोळ खर्च पुढे येईलच.

ऑर्डर ८ तारखेला दिली. विक्रेत्यानं जीएसटी सर्टिफिकेटची प्रत, पॅन, फर्मच्या नावाचा ई-मेल आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र मागितलं. इथे दोन दिवस गेले, कारण लेटरहेडवर आमचं जुनं नाव होतं आणि जीएसटीवर नवं. कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. शिवाय ई-मेल कुणा एकाच्या खाजगी पत्त्याचा देऊ नका. माणूस सोडून गेला तर परवान्याचं खातं त्याच्याबरोबर जातं. शुक्रवारी १४ तारखेला मेल आला. सात मशीनसाठी मिळून एकच की. ती मी कागदावर उतरवली आणि पाकिटात घालून मालकांच्या कपाटात ठेवली.

मग प्रश्न पडला की सात ठिकाणी टाकायचं कसं. ऑफिसच्या फाईली तीन जीबीच्या आसपास आहेत आणि आमचं इंटरनेट बेताचंच. प्रत्येकानं वेगळं डाउनलोड केलं असतं तर दिवसभर कुणाचं ई-वे बिल निघालं नसतं. यासाठी मायक्रोसॉफ्टचं ऑफिस डिप्लॉयमेंट टूल फुकट मिळतं. त्याला एक छोटी कॉन्फिगरेशन फाईल द्यायची, तिच्यात कुठलं ऑफिस, किती बिट, कुठली भाषा ते लिहायचं. टूल एकदाच सगळं उतरवून घेतं आणि मग बाकीची मशीन सामायिक फोल्डरमधून घेतात.

ही फाईल मी आधी एका ओळखीच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर चिकटवून केली आणि टूल लगेच चूक दाखवून बंद पडलं. तासभर मी शब्द न् शब्द ताडून पाहिला. शब्द सगळे बरोबर होते. अवतरणचिन्हं वाकडी होती. मोबाईलवरून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांची गोल वळणाची झालेली असतात आणि टूलला ती कळत नाहीत. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस कस्टमायझेशन टूल या पानावर फॉर्म भरा, तयार फाईल मिळते. मी शेवटी तेच केलं.

शनिवारी १५ तारखेला संध्याकाळी सहाला डाउनलोड लावलं. काळी खिडकी, त्यात लुकलुकणारी एक रेघ, बाकी काही नाही. टक्के नाहीत, पट्टी नाही. अर्ध्या तासानं मला वाटलं अडकलं असेल. मग फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहिला, तो वाढत होता. दर दहा मिनिटांनी तेवढंच बघत बसले. साडेसातला लाईट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, राउटर नव्हता. पुन्हा तीच आज्ञा दिली आणि रात्री सव्वादहाला काम झालं. यजमान घ्यायला आले होते, ते बाहेर शेंगा खात थांबले होते. दुसऱ्या दिवशी घरी पाण्याचा दिवस होता, तो चुकवता येत नाही, म्हणून रविवारी येणं शक्यच नव्हतं. राउटरला छोटा बॅकअप १,२५० रुपयांना घेतला. हा खर्च आधीच करायला हवा होता.

सोमवारी १७ तारखेला माझ्याच मशीनवर पहिला प्रयोग. दुसऱ्याच्या मशीनवर शिकू नये असं मला वाटतं, निदान पहिलं तरी स्वतःचं. सेटअप चालू केला आणि निरोप आला की या मशीनवर ३२ बिटचं ऑफिस आहे, त्यामुळे ६४ बिटचं टाकता येत नाही. हे वहीवरून अपेक्षितच होतं. एका मशीनवर दोन्ही एकत्र नांदत नाहीत. जुनं काढायच्या आधी आउटलुकची मेलची फाईल, एक्सेलचे माझे मॅक्रो आणि ऑटोकरेक्टचे शब्द ही तीन गोष्टी सर्व्हरवर उतरवून घेतल्या. मग जुनं काढलं, रिस्टार्ट केलं, नवं टाकलं. पंचवीस मिनिटांत वर्ड उघडलं. मला इतका आनंद झाला की मी धाकटीला बोलावून दाखवलं.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. ॲक्टिव्हेशनला, म्हणजे परवाना मान्य करून घ्यायला, गेले तर लांबलचक क्रमांकाची एरर, शेवटी एफ०७४. परवान्याची की चुकीची आली आहे म्हणून मी विक्रेत्याला फोन केला. त्यांनी तपासून सांगितलं, ‘की’ बरोबर आहे. सगळा मंगळवार त्यात गेला. कारण समजलं तेव्हा फार साधं निघालं. कंपन्यांसाठीचं हे ऑफिस टाकल्यावर आपोआप असं धरून चालतं की नेटवर्कवर कुठेतरी परवाने वाटणारं एक मशीन असेल, आणि ते त्यालाच शोधत राहतं. मोठ्या कंपन्यांत तसं मशीन असतं. आमच्याकडे नाही, आणि मी तर की टाकलीच नव्हती. मला वाटलं होतं, ते विचारेल. ते विचारत नाही. आपण होऊन की द्यावी लागते, मग ते इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टशी बोलतं. पुढच्या सगळ्या मशीनसाठी मी की कॉन्फिगरेशन फाईलमध्येच लिहून ठेवली आणि काम संपल्यावर ती फाईल सामायिक फोल्डरमधून काढून टाकली. ही की ठरावीक इतक्याच वेळा वापरता येते, म्हणून प्रत्येक ॲक्टिव्हेशनची तारीख वहीत आहे.

बुधवारी अण्णांचं मशीन. अण्णा पूर्व भागातले, घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, आणि घाईत दोन्ही. तीस वर्षं डिस्पॅच बघतात. ते खुर्ची सोडून बाजूला उभे राहिले आणि एकच म्हणाले, “ताई, लेबल निघालं पाहिजे बघा. बाकी कायपण करा.” म्हणून आधी लेबल छापायचा प्रोग्रॅम पाहिला. तो एक्सेलला जोडलेला आहे आणि ३२ बिटचा आहे. ६४ बिटच्या एक्सेलमध्ये तो उघडलाच नसता. माझ्या वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं, ते नसतं तर मी ६४ चं टाकून मोकळी झाले असते आणि सगळं डिस्पॅच थांबलं असतं. अण्णांसाठी ३२ बिटची वेगळी फाईल केली. मशीनमशीनला बिट वेगळे असले तरी फाईली एकमेकांच्या व्यवस्थित उघडतात, त्याची चिंता नको.

पण तिथेच दुसरं अडलं. अण्णांच्या मशीनवर सामायिक फोल्डर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसतो. समोर उघडलेला, सेटअपची फाईल डोळ्यांना दिसते आहे, आणि कमांडच्या खिडकीत झेड लिहिलं की उत्तर येतं, असा मार्गच नाही. मी तीन वेळा टाईप केलं. अण्णांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ जाऊन बोट ठेवलं, “हे काय, हाय की हितं झेड.” होता. फक्त त्या खिडकीसाठी नव्हता. सेटअपसाठी कमांडची खिडकी आपण ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडतो. नेटवर्कचा झेड जोडलेला असतो अण्णांच्या साध्या लॉगिनला. ॲडमिनिस्ट्रेटरची खिडकी म्हणजे विंडोजच्या हिशेबी वेगळं बसणं, तिला हा झेड माहीतच नसतो. उपाय असा की ड्राइव्हचं अक्षर वापरायचंच नाही. दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचं नाव, एक रेघ, फोल्डरचं नाव, असा पूर्ण पत्ता लिहायचा, आणि कॉन्फिगरेशन फाईलमध्येही तोच. लगेच चाललं. नेटवर्कवरून काहीही टाकणाऱ्याला मी आता ही गोष्ट सगळ्यात आधी सांगते.

गुरुवारी मालकांचं नवं मशीन. सगळ्यात सोपं जाईल म्हणून मधल्या सुट्टीत घेतलं होतं. त्यावर सामायिक फोल्डर उघडेनाच. निरोप असा की, ओळख न देता पाहुणा म्हणून आत जायला परवानगी नाही. आमच्या सर्व्हरवर इतकी वर्षं कुणीही पासवर्डशिवाय आत जात होतं, विंडोज ११ प्रो ते मानत नाही. पुण्याला गेलेल्या त्या मुलाला फोन केला. त्यानं आपुलकीनं सेटिंग सांगितलं, की ही अट बंद करा, मिनिटाचं काम आहे. मी ते केलं नाही. ज्या फोल्डरमध्ये आमच्या सगळ्या पार्ट्यांचे दर आहेत, त्याचं दार उघडं ठेवून नव्या मशीनची कडी काढायची हे मला पटेना. सर्व्हरवर ‘सेटअप’ नावाचं एक खातं केलं, त्याला पासवर्ड दिला आणि त्या फोल्डरवर फक्त वाचायचा हक्क दिला. नव्या मशीननं नाव-पासवर्ड विचारला आणि आत घेतलं. नंतर सगळ्यांसाठी वेगवेगळी खाती केली. त्याला शनिवार गेला, पण ते काम कधीतरी व्हायलाच हवं होतं.

२४ तारखेला धाकटीचं मशीन. कोड ०-१०१८. याचा अर्थ आधीच दुसरं काहीतरी टाकणं चालू आहे. ती म्हणाली, “पण मी कालच बंद करून गेले होते.” विंडोजचा अपडेट अर्धवट लटकला होता. इथे एक बारीक गोष्ट कळली. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननं मशीन पुरतं बंद होत नाही, सकाळी ते कालच्याच अर्ध्या आठवणी घेऊन उठतं. रिस्टार्ट केल्यावर मात्र कोरं उठतं. दोनदा रिस्टार्ट केलं, अपडेट पूर्ण होऊ दिला, ऑफिस बसलं. एकूण चाळीस मिनिटं, एक पैसा खर्च नाही.

स्टोअरच्या मशीननं मात्र सगळ्यात जास्त दमवलं. चार दिवस. पहिल्या दिवशी कोड ३०१०२-११. म्हणजे जागा नाही. सी ड्राइव्हवर ९०० एमबी शिल्लक. शोधत गेले तर कॅमेऱ्याच्या क्लिपांचे ३६ जीबी एका फोल्डरात पडून होते. कधीतरी चोरीच्या तक्रारीसाठी उतरवून घेतलेले. मालकांना विचारून बाहेरच्या डिस्कवर हलवले. जागा झाली. पुन्हा सेटअप. आता निरोप आला की विंडोज इन्स्टॉलरनं टाकलेलं जुनं ऑफिस आणि हे नवं, क्लिक-टू-रन या वेगळ्या पद्धतीनं बसणारं ऑफिस यांचं जमत नाही, आधी जुनं काढा. जुनं काढायला गेले तर तेच म्हणालं, मला माझी मूळ सीडी दाखवा, म्हणजे जातो.

२०१० ची सीडी कुणाकडे असणार? स्टोअरच्या चाचांना विचारलं, मशीन मध्ये कुणी साफ केलं होतं का. ते आठवून म्हणाले, “मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात जागा फुल झाली म्हणून एक पोरगा आला होता. लपलेले फोल्डर दाखवून उडवले त्यानं.” तेव्हा सगळा उलगडा झाला. जुनं ऑफिस टाकताना त्याची स्वतःची एक प्रत सी ड्राइव्हवर ‘एमएसओकॅश’ या लपलेल्या फोल्डरात ठेवली जाते. दुरुस्तीला किंवा काढताना ते तिथूनच घेतं. जागेसाठी तोच फोल्डर उडवला होता. जागा कॅमेऱ्यानं खाल्ली, शिक्षा ऑफिसला झाली, आणि एरर आली दीड वर्षानं, मी समोर असताना. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. वही मिटून मी शेडकडे गेले, मागांचा आवाज ऐकत पाच मिनिटं उभी राहिले. त्या आवाजात कुणी काही विचारू शकत नाही.

अशा अर्धवट राहिलेल्या ऑफिससाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं अनइन्स्टॉल करणारं टूल आहे. ते सीडी मागत नाही, मुळापासून काढतं. कुठल्याही अनोळखी ‘क्लीनर’पेक्षा तेच वापरा. २८ तारखेला स्टोअर झालं. कॉन्फिगरेशन फाईलमध्ये जुनं ऑफिस आधी काढून टाकायची एक ओळ घालता येते, हे मला इथे समजलं. पुढच्या दोन मशीनना ती घातली.

आणखी एक. सेटअप अडला की विंडोजच्या तात्पुरत्या फाईलींच्या ‘टेंप’ फोल्डरमध्ये त्याची लॉग फाईल तयार होते, तिचं नाव कॉम्प्युटरच्या नावानं सुरू होतं आणि पुढे तारीख-वेळ असते. स्क्रीनवरच्या निरोपापेक्षा तिच्यात जास्त असतं. सगळी वाचायची गरज नाही. शेवटाकडून वर येत ‘एरर’ हा शब्द शोधायचा. मी त्या ओळी वहीत उतरवत गेले.

शेडमधल्या मशीनचं दुखणं एररमध्ये नव्हतंच. तिथे इंटरनेटवरचं प्रत्येक पान ‘सुरक्षित नाही’ म्हणायचं आणि ॲक्टिव्हेशन होत नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं : १ जानेवारी २०१५. मुलं रोज सकाळी प्रॉडक्शनची तारीख हातानं टाकत होती, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तारीख चुकली की सुरक्षिततेची सगळी प्रमाणपत्रं खोटी ठरतात. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली होती. सीआर२०३२, चाळीस रुपये.

ती बदलायला कॅबिनेट उघडलं. आत काहीच दिसेना. प्रोसेसरच्या पंख्यावर, तारांवर, रॅमवर सुताच्या तंतूंचा पांढरा थर, बोटभर जाड. पंख्याच्या पात्यांमध्ये तो इतका घट्ट बसला होता की चिमटीत धरून ओढला तर टॉवेलच्या तुकड्यासारखा सलग निघून आला, त्याला पात्यांचा आकार होता. मागवाला पोरगा म्हणाला, “मॅडम, हे तर विणलंय आतल्या आत.” मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून होते. हे मशीन या अवस्थेत सहा वर्षं न कुरकुरता चाललं होतं. मशीन बंद, वायर काढलेली, पंखा फिरू नये म्हणून बोटानं धरलेला, असं करून ब्लोअरनं साफ केलं. कॅबिनेटवर पातळ कापडाची झडप शिवून बसवली, हवा जाईल अशी. १ डिसेंबरला तिथे ऑफिस बसलं.

डिझाईनच्या मशीनवर बनावट ॲक्टिव्हेशनचा प्रोग्रॅम सापडला. अँटिव्हायरस रोज त्याला पकडत होता आणि कुणीतरी त्याला ‘सोडून दे’ असं सांगून ठेवलं होतं. फक्त ऑफिस बदलून भागलं असतं, पण त्या प्रोग्रॅमनं आणखी काय केलंय ते मला सांगता येत नव्हतं. मालकांशी बोलून विंडोज नव्यानं टाकलं. डिझाईनच्या सगळ्या फाईली आधी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. २ डिसेंबरला सगळं झालं, आणि डिझाईनच्या सरांनी जुन्या पत्रांचा फोल्डर उघडला तर मराठी पत्रांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच वाचता येते ती पद्धत) आधीच्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाईली त्या फाँटशिवाय वाचता येत नाहीत. फाँट फॉरमॅटमध्ये गेला होता. वहीत त्याचं नाव होतं आणि तोच माझ्याही मशीनवर आहे हेही होतं. माझ्याकडून घेतला. टाकताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडला. नुसतं इन्स्टॉल केलं तर तो एकाच लॉगिनला मिळतो आणि रात्रपाळीवाल्याला पुन्हा चिवडाच दिसतो.

गेटवरच्या मशीनवर लिब्रेऑफिस टाकलं. फुकट आहे, मोकळ्या परवान्याचं आहे, आणि त्याच्या २४.८ पासून एक्सलूकअपही चालतं. वॉचमन काकांना फक्त सेव्ह करताना नाव कुठे लिहायचं ते दोन दिवस दाखवावं लागलं.

परवाने सोडून खर्च : राउटरचा बॅकअप १,२५०, बाहेरची डिस्क ४,६००, बॅटरी ४०, वही ८५, ब्लोअर शेजारच्या कारखान्यातून मागून आणला. वेळ धरला तर प्रत्यक्ष मशीनवर बसलेले तास बासष्ट, वहीत बेरीज आहे.

५ डिसेंबरला, शुक्रवारी, त्याच पार्टीची पुढची ऑर्डर आली. अण्णांनी मला बोलावलं नाही. मीच फाईल आलेली पाहून त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी फाईल उघडली, एक आकडा बदलला, एंटर दाबलं आणि बोट कार्टनच्या रकान्यावरून सावकाश खाली नेलं, एकेक ओळ, अगदी शेवटपर्यंत. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आले की सगळे,” आणि लेबलचा रोल लावायला उठले.